वामनदादांची उसनी चाल

भंडारा मतदारसंघात १९५४ च्या पोटनिवडणुकीत डॉ. आंबेडकरांचा पराभव झाला. त्याच भंडारा जिल्ह्यात आज भीमजयंतीच्या रात्री वामनदादा कर्डकांची गीते गायिली जातात. या गीतांवर एक आक्षेप आमच्या कानी वारंवार येतो: पुष्कळशी गीते सिनेमाच्या तयार चालींवर बसविलेली, मग यांत कवित्व ते कोणते?

आक्षेप घेणारांस वामनदादांचे बालपण ठाऊक नसावे. सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेल्या या मुलास शाळा लाभली नाही. पुढे मुंबईस मजुरी करीत असता कोणी पत्र वाचावयास दिले, ते वाचता येईना. त्या लाजेने त्यांनी प्रौढपणी अक्षरे गिरविली. १९४३ मधील त्यांचे पहिले गीतही विडंबनच! ज्यांच्यासाठी ते गात, त्यांतील कितीकांस अक्षरओळख नव्हती. चाल ओळखीची असली म्हणजे केवळ शब्द पाठ करावयाचे राहतात. 'वाटचाल' हा संग्रह १९७३ साली छापला गेला, त्याच्या कितीतरी आधी गाणी लोकांच्या तोंडी होती.

त्याच १९४३ साली मिसिसिपीच्या कापूसमळ्यातून शिकागोस गेलेला कृष्णवर्णीय गायक मडी वॉटर्स 'ब्लूज' गाई. त्या गाण्यांचा एक साचा सर्वांचा सामाईक असे: पहिली ओळ दोनदा म्हणावयाची, तिसरीत तिला उत्तर द्यावयाचे. त्यास कोणी उसनवारी म्हणत नाही.

वामनदादांच्या काही गीतांत चालीची लांबी भरण्यापुरते शब्द आले आहेत, हे आम्हांसही मान्य आहे. संग्राहकांनी प्रत्येक गीतावर मूळ चाल छापावी. मग भरती कोठे आणि भर कोठे, हे वाचकांस आपोआप दिसेल.