एशियाटिकच्या तीस पायऱ्या

मुंबईच्या टाउन हॉलविषयी लिहिताना ‘भव्य’ हे विशेषण इतक्या सहजपणे लेखणीतून उतरते की, ही भव्यता कोणासाठी, हे विचारावयाचे राहूनच जाते. ‘एशियाटिक’ ह्या नावाने आपण ओळखतो ती ही वास्तू. समोर डोरिक पद्धतीचे आठ स्तंभ, त्यांवर त्रिकोणी शिरोभाग आणि रस्त्यापासून स्तंभांपर्यंत नेणाऱ्या तीस पायऱ्या. कर्नल टॉमस काउपर ह्या लष्करी इंजिनिअरने तिचा आराखडा केला. १८२१ मध्ये काम सुरू झाले आणि १८३३ मध्ये पुरे झाले. ते पाहावयास काउपर मात्र उरला नव्हता.

ही वास्तू निव्वळ ग्रंथालय म्हणून जन्मली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. सर जेम्स मॅकिन्टॉशने १८०४ मध्ये स्थापिलेल्या लिटररी सोसायटीचे ग्रंथ येथे यावयाचे होते, त्याबरोबरच शहराच्या सभा आणि समारंभही. लॉटरीचा पैसा पुरेना, तेव्हा उरलेला भार कंपनी सरकारने उचलला आणि मोबदल्यात कचेऱ्यांसाठी जागा घेतली. विद्या, दरबार आणि कचेरी ह्यांचा हा एकत्र संसार वास्तूच्या चेहऱ्यावर उमटला आहे. स्तंभ ग्रीकांचे आहेत. पण ग्रीक मंदिराला बहुधा तीनच पायऱ्यांचे जोते असते. उंच चौथऱ्यावर चढवून समोरून लांबलचक जिना सोडावयाचा, ही रीत रोमची, सत्तेची. चढणाऱ्याने दरवाजाशी पोचण्यापूर्वीच आपले लहानपण ओळखावे, अशी ही योजना आहे. ह्या संस्थेत पहिल्या हिंदी सभासदाला, माणेकजी करसेटजींना, प्रवेश मिळाला तो १८४० मध्ये! दगडाने जे सुचविले, तेच नियमांनी पाळले, असे म्हणावयास हरकत नाही.

आत गेल्यावर मात्र सूर बदलतो. उंच छत, खिडक्यांच्या लाकडी झिलमिल्या, त्यांतून गाळून येणारा उजेड: येथे ग्रीसने मुंबईच्या उन्हापुढे मान तुकविली आहे. वास्तुकलेच्या दृष्टीने मला हाच भाग अधिक खरा वाटतो, कारण येथे काहीही मिरविलेले नाही; वाचणाऱ्याच्या डोळ्यांचा आणि अंगावरच्या घामाचा विचार केलेला आहे. एल्फिन्स्टन आणि माल्कम ह्यांच्या पुतळ्यांबरोबर जगन्नाथ शंकरशेट येथे आहेत. महामहोपाध्याय काणे आणि दुर्गाबाई भागवत ह्यांची विद्या ह्याच दालनांच्या आश्रयाने वाढली. राज्यकर्त्यांनी आपल्यासाठी बांधलेले घर वाचकांनी असे आपले करून घेतले.

परंतु किती वाचकांनी? काळ्या घोड्याजवळचे, १८७० मध्ये पुरे झालेले डेव्हिड ससून ग्रंथालय पाहा. मालाडच्या पिवळसर दगडाच्या त्याच्या कमानी थेट पदपथाशी येऊन भिडतात. चालता चालता माणूस कमानीखाली येतो आणि मग सहज आत वळतो. टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण कारागिरांच्या मंडळातून ती संस्था निघाली. तिची वास्तू ती ओळख विसरलेली नाही.

टाउन हॉलच्या पायऱ्यांवर संध्याकाळी गर्दी असते. तरुण मुले-मुली बसतात, छायाचित्रे काढतात. त्यांची तोंडे समोरच्या हॉर्निमन सर्कलच्या बागेकडे असतात आणि पाठ ग्रंथांकडे. ह्यात त्यांना दोष देणे सोपे आहे. पण पायऱ्या बसावयाला बोलावतात आणि स्तंभ आत येऊ नका म्हणतात, तेव्हा माणसे पायऱ्यांचेच ऐकणार. शिवाय गुडघे थकलेल्या वृद्ध अभ्यासकाला तर ह्या पायऱ्या बसण्यापुरत्याही उपयोगाच्या नाहीत.

वारसा जपावयाचा म्हणजे स्तंभ धुवावयाचे आणि छप्पर दुरुस्त करावयाचे, एवढाच अर्थ आपण घेतो. ते करावयास हवेच. पण तीस पायऱ्यांचे अंतर चुन्या-दगडाने भरून निघण्यासारखे नाही. ते संस्थेलाच खाली उतरून कमी करावे लागेल. पायऱ्यांवर बसलेल्याला आत काय आहे ते सांगावे लागेल, आणि ज्याला चढवत नाही त्याला वर नेण्याची वाट काढावी लागेल.