ताबा, तक्रार आणि बालकाची साक्ष

मुलाच्या ताब्याचा दावा चालू असताना लैंगिक अत्याचाराची तक्रार आली की तिला डावपेच ठरवण्याची घाई होते. २०१२ च्या पोक्सो कायद्याला ही घाई मंजूर नाही. १८ वर्षांखालील बालकाची संमती तो ग्राह्य धरत नाही. प्रश्न उरतो तो कृत्य घडले का, एवढाच. शिवाय गुन्हा घडण्याची भीती वाटली तरी कळवणे कलम १९ नुसार बंधनकारक, न कळवणे कलम २१ नुसार शिक्षापात्र. हनफी मतानुसार मुलगी वयात येईपर्यंत तिची हिजानत आईकडे असते. ही आई बोलली तर कपटी, गप्प राहिली तर गुन्हेगार!

खोट्या तक्रारीसाठी कलम २२ आहे, पण ते अपमान, खंडणी, धमकी वा बदनामी एवढेच हेतू मोजते. ताबा मिळवण्याचा हेतू त्यात नाही. निर्दोष बापाला त्याचा आधार तोकडाच.

याहून मोठी उणीव दोन न्यायालयांच्या मधल्या जागेत आहे. बालकाला साक्षीसाठी वारंवार बोलावू नये, हे कलम ३३ विशेष न्यायालयाला बजावते. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्यात असे बंधन नाही. तेथे १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानुसार समजत्या मुलीची पसंती विचारात घेता येते, आणि पसंतीचे कारण विचारले की तिला तीच हकिकत पुन्हा सांगावी लागते.