गळलेलं पीस, उपटलेलं पीस

टीकाकार पुस्तकाची पिसं काढतात, तेव्हा ती निदान आजूबाजूला पडलेली तरी दिसतात. गेल्या भाद्रपदात माझ्या खुराड्यात कोंबड्यांची पिसं निघत होती आणि जमिनीवर एकही सापडत नव्हतं. अकरा कोंबड्या, एक कोंबडा, चिपळूणजवळचं परसदार. पाचजणींच्या शेपटीच्या बुडाशी रुपयाएवढी उघडी, लालसर कातडी. मी म्हटलं, गळतीचे दिवस आले. हे वाचन चुकीचं होतं, आणि ते कसं चुकलं हे सांगताना मला अजूनही मजा येते.

कोंबडीची खरी गळती एकदा सावकाश बघावी. दिवस आखूड होऊ लागले की तिच्या अंगाला ते कळतं. मग आधी डोकं-मान, नंतर छाती आणि अंग, शेवटी पंख आणि शेपूट अशा क्रमानं ती जुना पेहराव उतरवते. खुराड्यात उशी फाटल्यासारखं दृश्य दिसतं. त्यातलं एखादं पीस उचलून पाहा. नळीचं टोक कोरडं, स्वच्छ, अर्धपारदर्शक आणि मिटलेलं असतं. पातं विस्कटलं असेल तर चिमटीतून एकदा ओढा, तंतूंचे सूक्ष्म आकडे परत एकमेकांत अडकतात आणि पातं सलग होतं. पूर्ण करून खाली ठेवलेली वस्तू आहे ती, फेकून दिलेली नव्हे.

त्याहून देखणा आहे पंख. कोंबडी काखेत धरा आणि तिचा पंख विंझण्यासारखा उघडा. बाहेरच्या टोकाकडे साधारण दहा लांब पिसं, मग एक आखूड, मग आतली रांग. ते आखूड पीस म्हणजे वृत्तातली यती. गळती या यतीला लागून असलेल्या लांब पिसापासून सुरू होते आणि बाहेर सरकत जाते. नवं पीस पुरतं वाढायला सहाएक आठवडे लागतात. म्हणून अर्धवट पिसांच्या लांब्या बघून ती कधीपासून गळतीत आहे ते सांगता येतं. चांगली अंडी देणारी कोंबडी उशिरा गळते आणि दोन-तीन पिसं एकदम टाकून मोकळी होते. सुमार कोंबडी लवकर सुरू करते आणि पंधरा-पंधरा दिवसांनी एकेक टाकत रेंगाळते. माझ्याकडची सर्वांत केविलवाणी दिसणारी, पार उघडीबोडकी झालेली गावरान कोंबडी हीच सर्वांत गुणी आहे, हे पाहुण्यांना पटवणं मात्र अशक्य.

पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन, तेव्हा या दिवसांत अंडी थांबतात. अंड्यात जाणारा पिवळा रंग मग चोचीत आणि पायांत परत येतो. हा पिवळेपणा घरगुती कोंबडीला तांबड्या रानकोंबड्याकडून मिळालेला नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तो राखी रानकोंबड्याकडून आल्याचं दिसलं. हाच पक्षी आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो. जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्या या रानटी पाहुण्याची खूण आहे, याचा मला उगाचच अभिमान वाटतो.

असो. माझ्या पाचजणींकडे यातलं काहीच नव्हतं. डोकी-माना भरलेल्या, पंख अखंड, अंडी चालू आणि जमीन स्वच्छ. ही स्वच्छता हाच पुरावा होता, पण मी तो बघत असूनही वाचला नाही. पिसं उपटणाऱ्या कोंबड्या बऱ्याचदा ती खाऊनही टाकतात. पाठ उघडी आणि खाली पीस नाही, म्हणजे ते कुणाच्या तरी पोटात आहे.

उघडी जागा कुठे आहे त्यावर बरंच अवलंबून असतं. पाठीवर आणि कुशींवर पिसं मोडलेली, दांड्या शिल्लक, तर ती कोंबड्याच्या नखांची करामत. छाती-पोट मोकळं आणि कोंबडी फुगून बसलेली, तर ती खुडूक आहे, अंड्यांना ऊब देण्यासाठी तिनंच जागा केली आहे. गुदद्वाराभोवती पिसं विरळ आणि बुडाशी पांढरट गुठळ्या, तर उवा. शेपटीचं बूड उघडं, तर सोबतिणी. आणि या सगळ्यांत जिचा पिसारा नुकताच इस्त्री केल्यासारखा दिसतो, तिच्यावर नजर ठेवावी. माझ्याकडे ती एक काळी तलंग निघाली. इतकी सुंदर की मी तिचेच फोटो काढत होतो.

इथे आणखी एक गल्लत होते. कोंबड्या एकमेकींना टोचतात म्हटलं की लोक लगेच मानापमानाची गोष्ट सांगतात. ती गोष्ट खरी आहे. नॉर्वेच्या थॉर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्या न्याहाळल्या आणि १९२२ मध्ये जर्मन भाषेत त्यांची टोचण्याची उतरंड मांडली. त्यातली मला आवडणारी बारीक गोष्ट अशी की उतरंड नेहमी सरळ नसते. कधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला आणि तिसरी पहिलीलाच! पण ही भांडणं डोक्यावर, तुऱ्यावर होतात. समोरून, ठणकावून. शेपटीचं पीस मागून, गुपचूप, एकेक तंतू ओढत काढलं जातं आणि त्यात राग नसतो.

मग काय असतं? १९८६ मध्ये डच संशोधक ब्लॉकहाउस यांनी मांडलं, की हे जमीन टोचण्याचंच वळण आहे. पायाखाली उकरण्यासारखं काही नसलं की चोच शेजारणीच्या अंगाकडे वळते. शेजारच्या काकूंनी हे कुंपणापलीकडूनच सांगितलं होतं. “तुझ्या कोंबड्यांना काम नाही रे. मग एकमेकींची उणीदुणी काढणार नाहीत तर काय?”

काम नव्हतंच. श्रावणातल्या पावसानं खुराड्यातली तुसाची गादी भिजून थापली गेली होती. शेणानं सारवल्यासारखा सपाट, घट्ट थर झाला होता. मी उभ्यानं वास घ्यायचो आणि ठीक आहे म्हणायचो. एकदा गुडघ्यावर बसलो, कोंबडीच्या डोळ्यांच्या उंचीवर, तेव्हा अमोनियानं माझेच डोळे चुरचुरले. अकराजणी त्यात दिवसरात्र राहत होत्या.

चांगली गादी ही कोकणातल्या परसातली सर्वांत कमी वाखाणलेली कलाकृती आहे, असं माझं ठाम मत आहे. भातगिरणीतलं तूस चार इंच अंथरायचं, वर थोडा लाकडाचा भुसा. मग ती कोंबड्यांच्या हवाली करायची. त्या उकरतात, विष्ठा तुसात जिरते, थर हळूहळू कुजत जातो, आपण वरून नवं तूस टाकत राहायचं. काही महिन्यांत ती आठ इंचांवर जाते, रंगानं काळसर तपकिरी होते आणि पावसानंतरच्या रानासारखा वास येतो. मूठभर उचलून दाबा. लाडू वळला तर ओली. नुसती धूळ उडाली तर फार कोरडी. किंचित धरून मग विस्कटली, की जमली. पाणी ठिबकणारं भांडं आणि गळकं छप्पर हे तिचे दोन शत्रू. त्यांच्यामागून रक्ती हगवण येते.

मी वरचा थापलेला थर काढला, खाली चुन्याची फक्की मारली, कोरडं तूस भरलं. संध्याकाळी मूठभर कणी त्यात विखरायची, कोबीचा पाला चोचीपासून वीतभर उंच टांगायचा, कोपऱ्यात राख-मातीचं घमेलं धूळस्नानासाठी ठेवायचं. रक्त आलेलीला वेगळं ठेवून जखमेला जांभळं औषध लावलं, कारण लाल ठिपका बाकीच्यांना आमंत्रणच असतो. खाद्यात मीठ आणि प्रथिनं पुरेशी आहेत ना, तेही तपासलं. एकानं चोची छाटायचा सल्ला दिला. चोचीच्या टोकात संवेदना असते. ओळ जमत नाही म्हणून कवीचं बोट कापावं, तसला हा उपाय. मी केला नाही.

काळी तलंग आठवडाभर तुसात मान खुपसून होती. नंतर कधी तरी एखादं पीस ओढते, नाही असं नाही.

मुळापासून उपटलेलं पीस काही आठवड्यांत पुन्हा येतं. त्यामुळे दिवाळीपर्यंत पाचांपैकी चौघींच्या शेपट्या भरल्या. मधून मोडलेलं पीस मात्र दांडी गळेपर्यंत, म्हणजे पुढच्या गळतीपर्यंत, तसंच राहतं. पाचवीची पाठ कोंबड्यानंही मोडलेली होती. ती अजून जुन्या परकराची झूल पाठीवर बांधून परसात हिंडते.