मातीचा रंग आणि मातीची धूप : एका रूढ पद्धतीची चिकित्सा

वर्णपटीय परावर्तनावरून जमिनीची धूप हुडकून काढण्याची पद्धती आपल्याकडील प्रबंधांत आता चांगलीच रूढ झाली आहे. १९७२ साली पहिला लँडसॅट उपग्रह सोडण्यात आला तेव्हापासून या अभ्यासास साधन लाभले; २०१५ नंतर सेंटिनेल-२ ची १० मीटर विभेदनाची चित्रे विनामूल्य मिळू लागल्याने तर ते प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आले. पण साधन सुलभ झाल्याबरोबर त्यामागील गृहीतकाची तपासणी मात्र थांबली, असे आम्हांस वाटते.

ते गृहीतक असे : वरचा थर सेंद्रिय द्रव्यामुळे काळसर असतो, तो वाहून गेला म्हणजे खालचा फिकट थर उघडा पडतो आणि परावर्तन वाढते. अमेरिकेतील आयोवा, इंडियाना या राज्यांच्या गवताळ प्रदेशांतील जमिनींस हे यथार्थपणे लागू पडते. तेथे टेकाडांच्या माथ्यांवरील धुपलेले फिकट डाग विमानातून घेतलेल्या साध्या छायाचित्रांतही उठून दिसतात. पर्ड्यू विद्यापीठातील स्टोनर व बॉमगार्डनर यांनी १९८१ साली मृदांच्या परावर्तन-वक्रांचे पाच प्रकार मांडले, तेही मुख्यतः सेंद्रिय द्रव्य व लोह यांच्या आधारे. म्हणजे वक्र सांगतो तो मातीचा घटक. त्या घटकामागचा इतिहास नव्हे.

दख्खनच्या काळ्या जमिनीत तर हा पायाच डळमळतो. तिचा काळेपणा सेंद्रिय द्रव्याच्या विपुलतेतून आलेला नाही. तिच्यातील सेंद्रिय कर्ब पुष्कळदा शेकडा एकाहूनही कमी भरतो. शिवाय खोल जमिनीत हा काळेपणा हात-दोन हात खाली तसाच टिकतो. अशा शेतातून वीतभर माती वाहून गेली तरी उपग्रहास पृष्ठभाग पूर्वीइतकाच काळा दिसणार! उलट माळावर मुरूम उघडा दिसला की नकाशा तेथे ‘तीव्र धूप’ नोंदवितो. तो मुरूम गेल्या पन्नास वर्षांत उघडा पडला, की बेसाल्टाच्या त्या उंचवट्यावर माती मुळातच पातळ होती, हे परावर्तनावरून ठरविता येत नाही. बांधाच्या पोटाशी साचलेला बारीक काळा गाळ तर नकाशावर सर्वांत सुरक्षित ठरतो. वस्तुतः वरच्या शेताची धूप तीच.

पद्धत सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. संगमनेर परिसरात प्रवरेकाठच्या घळींत चुनखडीयुक्त जुना गाळ उघडा पडला आहे. तेथे फिकटपणास अर्थ आहे. केवळ उजळपणाऐवजी वक्राचा आकार पाहणारा अभ्यासक अधिक खोल जातो : चिकण-खनिजांचे शोषण २२०० नॅनोमीटरच्या आसपास, तर चुनखडीचे २३४० च्या आसपास दिसते. परंतु सेंटिनेल-२ चा अखेरचा पट्टा २१९० भोवतीचा व रुंद असल्याने पहिली खूण त्यात विरते आणि दुसरी त्याच्या बाहेरच राहते. ओल आणि उन्हाळी नांगरटीची ढेकळे यांच्यामुळे पृष्ठभाग काळवंडतो, ही अडचण निराळीच. सोलापूरकडील रब्बीची शेते पावसाळ्यात उघडी असतात आणि धूप होते ती तेव्हाच; पण त्या दिवसांत आकाश ढगांनी झाकलेले असते.

खरी आक्षेपार्ह गोष्ट पडताळणीत आहे. असा नकाशा विशमायर-स्मिथ यांच्या सार्वत्रिक समीकरणाने काढलेल्या आकड्यांशी ताडून ‘सिद्ध’ केला जातो. त्या समीकरणातील वनस्पती-आच्छादनाचा गुणक मात्र बहुधा त्याच उपग्रहाच्या चित्रावरून काढलेला असतो. साक्षीदार आणि फिर्यादी एकच! मग दर हेक्टरी टनांचे आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत छापले जातात, आणि बंधारे कोठे घालावेत याचा निर्णय त्यांवर होऊ लागतो.

स्वतंत्र पुरावा मिळविणे अशक्य नाही. १९५० व १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांतून भूमीवर उतरलेले सीझियम-१३७ चिकणमातीस घट्ट चिकटून राहते. न हललेल्या जागेशी तुलना करून त्याच्या घटीवरून धूप मोजता येते. हे काम कष्टाचे आहे. ज्यांस ते शक्य नाही त्यांनी निदान उताराच्या माथ्यावर, मध्यावर व बांधापाशी कुदळीने खड्डे घेऊन थरांची जाडी नोंदवावी. एवढेही न करता काढलेल्या नकाशाचे शीर्षक ‘मृदापृष्ठाचे परावर्तन’ असे असावे. ‘धूप’ हा शब्द त्यात येऊ नये.