अक्षर आणि उच्चारावयव : तंजावरची मराठी पदे

'भक्ति' हा शब्द लेखनात 'भ' व 'क्ति' असा विभागला जातो. उच्चारात मात्र 'भक्' व 'ति' असे त्याचे अवयव पडतात. आद्य 'भ' गुरू मानणाऱ्या छंदःशास्त्राने हा भेद पूर्वीच ओळखला होता. तमिळ लिपी तर असे व्यंजन बिंदू देऊन पृथक् लिहिते. शहाजीराजांच्या कारकिर्दीत (इ. स. १६८४ ते १७१२) तंजावरास मराठी नाटक बहरले, ते या दोन्ही परंपरांच्या सान्निध्यात. त्यातील पदे गेय आहेत. गद्यात एकावयवी असलेला 'राम' गायनात द्व्यवयवी होतो. तेव्हा सरस्वती महालातील अशा हस्तलिखितांच्या संपादकाने गद्योच्चाराच्या मापाने पद सदोष ठरवून पाठ 'दुरुस्त' करणे, हा त्या रचनेवर अन्यायच होय. अक्षरांची संख्या लिपीवरून कळते. त्यांचे वजन गायकाच्या उच्चारावरूनच ठरवावे लागते.