दुःख आणि दुखणे

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ (२०१६) ह्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक निराश तरुण आणि त्याला समुद्रकाठच्या घरात आसरा देणारी जानकी, अशी ही कथा. जानकी उपदेश करीत नाही, उलटतपासणी घेत नाही. त्याला जेवू घालते, असू देते. नैराश्याकडे इतक्या समंजसपणे मराठी पडद्यावर क्वचितच पाहिले गेले असेल. हे श्रेय निर्विवाद आहे.

तरीही चित्रपट पाहताना मला नारायण पेठेतला एक छापखाना आठवत राहिला. चाळीसेक वर्षांपूर्वी मी तेथे मुद्रिते तपासत असे. माझ्याच वस्तीतला एक मित्र तेथे खिळे जुळवी. एका पावसाळ्यात तो मिटत गेला. पहाटे तीनला जाग, डबा तसाच परत, हातातली ओळ पुरी होईना. मालक म्हणाले, आळस. वस्तीतली म्हातारी माणसे म्हणाली, बाहेरचे काहीतरी आहे. आम्ही कार्यकर्ते म्हणालो, मोर्चाला चल, बरे वाटेल. तिन्ही निदाने चुकली. आमची चूक मोठी, कारण आम्ही स्वतःला शहाणे समजत होतो.

म्हणून माझा पहिला आक्षेप आपल्याच साहित्यावर आहे. ‘बलुतं’ (१९७८) आले तेव्हापासून आपल्या आत्मकथनांनी भूक, अपमान, संताप यांना शब्द दिले. पण प्रत्येक वेदनेचे मूळ व्यवस्थेत शोधता शोधता आपण दुखण्यालाही दुःखच म्हणू लागलो. अपमान झाला, नोकरी गेली, माणूस गेले, की मन खचते. पण मित्र भेटला की हसूही फुटते आणि दिवस जातील तसे ते ओसरते. दुखणे तसे ओसरत नाही. दोन आठवडे वा अधिक, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास किंवा कशातच रस नाही. झोप, भूक, उमेद, एकाग्रता ढळलेली. आपण कुचकामी आहोत अशी खात्री, मरणाचे विचार. हा आजार आहे. जातीचा जाच त्याला खतपाणी घालतो हे खरे. पण जाच ओळखला म्हणून आजार आपोआप बरा होत नाही. बाबासाहेबांना मधुमेह होता, त्यावर ते उपचार घेत. त्याला आपण लढ्यातली माघार म्हणत नाही.

दुसरा आक्षेप ‘कासव’वर. जानकीकडे घर आहे, समुद्र आहे, सवड आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेथे कवचात शिरायलाही जागा नसते. आपल्या माणसाचा आसरा म्हणजे सरकारी रुग्णालयातला मानसोपचार विभाग. दिवसाचा पगार बुडवून मी मित्राला तेथे नेले. डॉक्टरांनी आधीच बजावले, गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आपल्या मनाने बंद करू नका. महिनाभराने एका दुपारी त्याने डबा संपवला आणि माझ्यातली भाकरीही मागितली.

आज ‘टेली-मानस’च्या १४४१६ ह्या मोफत क्रमांकावर मराठीतही मदत मागता येते. पण मदत मागणे म्हणजे हार नव्हे, हे आधी आपल्या माणसांना पटले पाहिजे. ते काम साहित्याचे आहे. आजार म्हटल्याने व्यवस्था निर्दोष ठरत नाही. तिच्याशी भांडण चालूच राहील. मात्र केसपेपर हातात घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या त्या माणसाचे आत्मकथन आपल्याकडे अजून यायचे आहे. ते कोणीतरी लिहावे.