अंतर्गत गुणवत्ता परीक्षणात प्रकल्प आराखडा : निकषाची एक समीक्षा

अंतर्गत परीक्षणात प्रकल्प आराखडा निकष म्हणून वापरणे शास्त्रसंमत आहे. आयएसओ १९०११ (२०१८) या मार्गदर्शक मानकानुसार वस्तुनिष्ठ पुरावा ज्या अपेक्षांशी ताडायचा, त्या अपेक्षा म्हणजेच निकष. संस्थेने मंजूर केलेला आराखडा त्यात निश्चितच बसतो. आक्षेप आहे तो कोणत्या प्रतीशी ताडायचे, याबाबतच्या ढिलाईवर.

समजा, मेहरूण तलावाकाठी जुलैत १०० रोपे लावून ती उन्हाळाभर जगवण्याचा प्रकल्प महाविद्यालयाने आखला. पाऊस लांबला, लागवड ऑगस्टमध्ये झाली. मूळ आराखड्याशी ताडल्यास ही विसंगती ठरते. कारण नोंदवून बदल वेळीच मंजूर केला असल्यास ठरत नाही. मात्र परीक्षणाच्या आदल्या आठवड्यात ‘जगवणे’ हा शब्दच आराखड्यातून गळला, तर वाळलेली रोपेही अनुरूपतेच्या रकान्यात जातात. (खानदेशातील मे महिना अनुभवलेल्यास हा शब्द क्षुल्लक वाटणार नाही.)

जेथे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षच आराखडा रचतो आणि तपासतो, तेथे हा धोका अधिक. परीक्षक शक्यतो परीक्षित कार्यापासून स्वतंत्र असावा, असे तेच मानक सांगते. दुसऱ्या विभागातील प्राध्यापकाच्या हाती मंजुरीच्या तारखांसह सर्व प्रती द्याव्यात आणि रोपांची मोजणी त्याने तलावाकाठी जाऊन करावी.